शेडकार्डात नसलेली सूज

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धर.) तुझी तब्येत कशी आहे? ऑपरेशन केलेल्या डोळ्याला आता लांबचं नीट दिसतं का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालताना चिमटे दातांत धरतात, तेसुद्धा तुला तुझ्या खिडकीतून दिसतं. वाचून फार बरं वाटलं. त्या बाईंना वाटलं नसेल, पण मला वाटलं. माणसाला डोळा चांगला पाहिजे, हे या आठवड्यात मला इतकं पटलं आहे की त्यावर हे अख्खं पत्र खर्ची पडणार आहे. तुझी मांजर कशी आहे? ती अजून माझ्या नावाने फिस्कारते की मला विसरली?

पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून शेवट इथेच सांगून टाकतो. सगळे जिवंत आहेत. टिकली, डांबर, मी, सगळे. आता पान उलटू नकोस, मागे काहीही नाही. सावकाश वाच आणि बसून वाच, कारण मी हे उभ्याने भोगलं आहे.

तर झालं असं. आपल्या कन्येला (म्हणजे माझ्या, तू तिला माझ्यापेक्षा जास्त आपली म्हणतेस म्हणून असं लिहिलं) या महिनाअखेरीस कामावर परत हजर व्हायचं आहे. लिफ्टच्या कारखान्यात ड्रॉइंग काढणारी माणसं घरी बसली की म्हणे लिफ्ट मजल्यांच्या मध्येच थांबतात. जावईबापू महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर. मग आपल्या नातीला, टिकलीला सांभाळणार कोण, हा प्रश्न घरात गेले कित्येक दिवस टेबलावर मांडलेला आहे आणि सगळे त्याच्या बाजूने वळसा घालून जेवतात. एक पाळणाघर पाहून झालं. मीही सोबत गेलो होतो. बाई प्रेमळ होत्या, खेळणी स्वच्छ होती, पण भिंतींना रंगाचा एकच हात मारलेला होता, खालचा जुना हिरवा सगळा वर दिसत होता. जे भिंतीला दुसरा हात मारत नाहीत ते पोराला दुसऱ्यांदा विचारतील का, असं मी कन्येला म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही सांभाळाल का?" मी हो म्हणालो. ती गप्प बसली. ताई, त्या गप्प बसण्याचा अर्थ तुला वेगळा सांगायला नको. तुझी भावजय गेल्यापासून मी दूध तीनदा उतू घालवलं, गॅस एकदा तसाच ठेवला आणि नळाखाली बादली लावून भाजी आणायला गेलो. कन्येच्या जागी मी असतो तर मीही गप्प बसलो असतो. पण मला टिकली हवी आहे. ती पाळणाघरात गेली तर दिवसभर या घरात फक्त घड्याळ बोलेल, आणि तेही मागे पडतं.

मग तिने ठरवलं की एक दिवस करून बघू. ती परीक्षा शब्द वापरत नव्हती, पण मी शाळेत इतक्यांदा नापास झालो आहे की परीक्षेचा वास मला लांबून येतो. दिवस निवडला तोही असा की त्याच सकाळी टिकलीची लस होती. आणि कन्येचं डोकं ड्रॉइंगवालीचं, रिकामी जागा दिसली की त्यात काहीतरी बसवायचं, म्हणून डांबरची वर्षाची लसही त्याच सकाळी. बालडॉक्टरीणबाई आणि जनावरांचे डॉक्टर एकाच रस्त्यावर आहेत. सकाळी दोघांना टोचून घ्यायचं, मग ती ऑफिसात जाणार आणि मी दोघांना घेऊन घरी. (डांबर म्हणजे आमचा कुत्रा. विसरली नसशीलच. गेल्या खेपेला तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा ज्याच्या पोटात गेला तो.)

बालडॉक्टरीणबाई चेहऱ्याने कडक, पण हाताने हलक्या. टिकलीला सुई कळली तोपर्यंत ती मांडीतून बाहेरही आली होती. मग बाईंनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. टोचल्या जागी थोडी लाली येईल, थोडी सूज येईल, पाय दुखेल, अंग गरम होईल, पोर किरकिर करेल, जास्त झोपेल, हे सगळं एक-दोन दिवसांत आपोआप जाईल. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, पोर निपचित पडलं आणि हलवूनही धड जागं होईना, आकडी आली, किंवा काही केल्या न थांबता रडतच राहिलं, तर विचार करत बसायचं नाही, फोन करायचा किंवा सरळ यायचं. तापाचं औषध किती द्यायचं तेही टिकलीच्या वजनाप्रमाणे सांगितलं. कन्या एकेका शब्दाला मान हलवत होती. मीही हलवत होतो. पण ताई, उभा जन्म रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाने आणलेल्या पोपड्याशी रंग जुळवून देण्यात गेलेल्या माणसाला एवढं सगळं सांगितलं तर तो त्यातून काय उचलेल? मी एकच शब्द उचलला. लाली.

त्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचं होतं, कारण मोठा घोटाळा व्हायचा असेल तर तो बहुधा लगेचच होतो आणि तेव्हा डॉक्टर समोर असलेला बरा. कन्येने टिकलीला मांडीवर घेतलं. मी समोर बसून नजर ठेवली. नजर ठेवायची म्हटल्यावर एकाच पोरावर कशी राहणार? बाकावर आणखी एक छोकरी होती, तिच्या ओठांभोवती लाल कडं दिसलं. साधं लाल नाही, आमच्याकडे दारा-खिडक्यांना जातो तो लाल. मी उठून मोठ्याने सांगितलं की या मुलीचे ओठ लाल होत आहेत, कुणीतरी डॉक्टरांना बोलवा. तिच्या आईने किंकाळी फोडली, बाई आतून धावत आल्या, पोरीचं तोंड उघडून बघितलं आणि आतून एक लाल लॉलीपॉप बाहेर काढला. लस तिला टोचलीच नव्हती, ती भावाबरोबर आली होती. कन्या उरलेला वेळ भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसली. मला मात्र वाटतं की रंग मी बरोबर ओळखला होता.

तिथून कन्या ऑफिसात गेली. जाताना तिने टिकलीचा पापा घेतला, बाहेर बांधून ठेवलेल्या डांबरच्या डोक्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बाबागाडी आणि साखळी सांभाळत जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर तरुण आहेत. कुत्र्यांशी अहो-जाहो करतात आणि त्यांना आणणाऱ्या माणसांकडे फारसं लक्ष देत नाहीत. डांबरला म्हणाले, या साहेब, बसा, आणि बोलता बोलता टोचून मोकळे. मग त्यांनीही तेच सांगितलं. आज सुस्त राहतील, एखादं जेवण सोडतील, टोचल्या जागी बारीक गाठ येईल, चालेल. पण चेहरा सुजला, गांधी उठल्या, उलट्यांवर उलट्या झाल्या, धाप लागली, कोसळले, तर तसेच उचलून आणा. आणि आता अर्धा तास बाहेर बसा.

ताई, मी बसलो नाही. कारण ऐकशील तर तू कपाळावर हात मारशील. बाहेरच्या खोलीतला दिवा पिवळा होता. पिवळ्या दिव्याखाली लाल रंग कसा कळणार? दुकानात कुणी संध्याकाळी रंग जुळवायला आलं तर मी त्याला हात जोडून परत पाठवत असे, की उद्या उजेडात या, नाहीतर घरी जाऊन मला शिव्या द्याल. आणि इथे टिकलीच्या मांडीवर काय चाललं आहे ते मला त्या पिवळ्या उजेडात दिसेना. माझा जीव कासावीस झाला. मनात म्हटलं, कुत्रा काय, धट्टाकट्टा आहे, चप्पल पचवतो. आणि निघालो.

घरी येऊन टिकलीला उत्तरेच्या खिडकीजवळ गादीवर ठेवलं, पडदे सारले, आणि कपाटावरून रंगछटांचं शेडकार्ड काढलं. हसू नकोस. निवृत्त होताना शेटजींनी मला घड्याळ दिलं आणि मी शेडकार्ड मागून घेतलं होतं, ते काय उगाच? ते मांडीजवळ धरलं. लाली 'फिकट प्रवाळ'शी तंतोतंत जुळली. मी निर्धास्त झालो. थोड्या वेळाने परत धरलं तर ती 'प्रवाळ' झाली होती, फिकट नव्हे. मी बालडॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. बाई स्वतःच आल्या फोनवर. मी सांगितलं की लाली एका घराने पुढे सरकली आहे. बाई म्हणाल्या, कुठल्या घराने? मी म्हटलं, कार्डावरच्या. मग त्यांनी विचारलं की दूध पिते का, खेळते का, श्वास कसा आहे, अंगावर दुसरीकडे काही उठलंय का. दूध पीत होती, माझा चष्मा चाटत होती, श्वास छान होता, उठलं काही नव्हतं. मग बाई म्हणाल्या, आजोबा, कार्ड ठेवा आणि पोरीकडे बघा. मी हो म्हटलं आणि कार्ड ठेवलं. (गादीखाली ठेवलं. हाताशी असावं.)

दुपारी तिचं अंग गरम लागलं. थर्मामीटरने ताप दाखवला, फार नाही, पण खात्री व्हावी म्हणून मी तो तीनदा लावला. सांगितलेलं औषध ड्रॉपरने दिलं. तिने ते गिळलं आणि थोडं माझ्या शर्टावर उडवलं. इथपर्यंत सगळं बाईंनी सांगितल्याबरहुकूम चाललं होतं आणि मला जरा आपल्याबद्दल बरं वाटायला लागलं होतं. कन्येचा फोन आला तेव्हा मी अगदी सहज आवाजात सांगितलं की सगळं ठीक आहे. इतक्या सहज आवाजात, की तिला शंका आली.

आणि मग टिकली रडायला लागली. साधं रडणं नाही, ताई. माझ्या खांद्यावरून मागे वाकून, हात पसरून, जीव तोडून रडणं. मी तिला घेऊन फिरलो. भांडी वाजवली. गाणं म्हटलं (तुला माझं गाणं माहीत आहे, त्यामुळे ते वाढलंच). माकडाचं तोंड करून दाखवलं, बादलीत पाणी ओतून दाखवलं, दिवा लावला, विझवला. ती पुन्हा पुन्हा टेबलाकडे झेपावत होती. मला वाटलं बिस्कीट हवं असेल. बिस्कीट दिलं तर तिने ते फेकून दिलं, आणि टिकलीने बिस्कीट फेकणं ही काही लहान गोष्ट नाही. न थांबता रडणं, बाईंनी सांगितलं होतं ते हेच. डोळ्यांसमोर कन्येचा सकाळचा चेहरा आला. एकच दिवस दिला होता तिने मला. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला परीक्षा-बिरीक्षा काही आठवली नाही. पोरीला काही झालं तर मी जगून काय करू, एवढंच डोक्यात होतं.

परत फोन लावला. फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला, कारण दोन्ही हातांत टिकली होती. बाईंना तिचं रडणं ऐकूच जात होतं. त्यांनी पुन्हा सगळं विचारलं. चेहरा सुजलाय? नाही. श्वास? रडायला पुरून उरेल इतका. पाय हलवते? मला लाथा मारते आहे. मग त्यांनी विचारलं की ती रडताना बघते कुठे? हा काय प्रश्न झाला, असं मला वाटलं. पण पाहिलं. ती टेबलाखाली बघत होती. टेबलाखाली कोण आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, कुत्रा झोपलाय, त्यालाही सकाळी लस दिली आहे. बाईंचा आवाज एकदम बदलला. कुत्र्याकडे बघा, म्हणाल्या.

टिकलीला गादीवर ठेवून मी वाकून बघितलं. आता या जागी तू मला वेडा म्हणणार आहेस, तर म्हण. मी टॉर्च मारून बघितलं आणि फोनवर सांगितलं की कुत्रा ठीक आहे, रंग तोच आहे. काळाच्या काळा. लाली कुठेही नाही. आणि मी वळणार इतक्यात डांबरने तोंड माझ्याकडे फिरवलं. ताई, ते तोंडच नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या. नाकाड उकडलेल्या बटाट्यासारखं गुबगुबीत झालं होतं आणि ओठ लोंबत होते. तो माझ्याकडे त्या चिरांतून बघत होता आणि शेपटी हलवत होता, म्हणजे बिचाऱ्याला बहुतेक वाटत असावं की आता तरी हा माणूस बघेल. सकाळपासून मी त्याला चारदा ओलांडून गेलो होतो. माझं लक्ष रंगाकडे, आणि त्याचा रंग असा की त्यात काही म्हणता काही दिसत नाही. आणि मी बघितलं हे टिकलीने बघितलं, तशी ती रडायची थांबली. एकदम. नळ बंद करावा तशी.

मी हबकलो आणि हाताला लागेल ते उचललं. हाताला लागलं ते टिकलीचं तापाचं औषध. ड्रॉपर भरला, डांबरचा सुजलेला ओठ वर केला. तोंडाने मी बडबडत असणार, कारण टेबलावरून बाई इतक्या जोरात ओरडल्या की ड्रॉपर माझ्या हातातून पडला. काहीही देऊ नका! माणसाचं तापाचं औषध कुत्र्याला घातक ठरू शकतं, उचला त्याला आणि डॉक्टरकडे जा, आत्ता! पोरांच्या डॉक्टरीणबाई, आणि आमच्या कुत्र्याचा जीव टेबलावरच्या फोनमधून वाचवला. हे मी कधी विसरणार नाही.

डांबरचं वजन तुला माहीत आहे. माझा गुडघा तुला माहीत आहे. मी डांबरला बाबागाडीत घातलं, टिकलीची पांघरूण-दुलई त्याच्यावर टाकली, टिकलीला कडेवर घेतलं आणि निघालो. पळालो असं लिहिणार होतो, पण तू मला ओळखतेस. बाबागाडी दिसली की बायकांना आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. एक आजी पुढे झाल्या, आई गं किती गोड असेल म्हणत दुलई बाजूला केली आणि आत आमचा डांबर, डोळे चिरा झालेले, ओठ लोंबते, जीभ बाहेर. त्या आजींनी आधी बाळाकडे, मग माझ्याकडे, मग कडेवरच्या टिकलीकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, काळजी करू नका, मोठेपणी चेहरा बदलतो. मला थांबून समजावायला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी बघताक्षणी इंजेक्शन दिलं. मग श्वास तपासला, हिरड्या तपासल्या, छाती ऐकली. मी भिंतीला टेकून उभा होतो. विचारलं, वाचेल ना? ते म्हणाले, साहेबांचा श्वास चांगला आहे, वेळेवर आलात, पण आता इथेच थांबायचं, आणि या खेपेला मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हे म्हणताना त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. सूज किती उतरते ते बघायचं आहे, तर यांचा नेहमीचा चेहरा कसा असतो? नाक लांबट की आखूड? गाल भरलेले की बसलेले?

मला सांगता येईना. इतकी वर्षं कुत्रा माझ्या पायांशी झोपतो. त्याचा काळा कुठला, ते मी झोपेत सांगेन, निळसर झाक असलेला, उन्हात किंचित तपकिरी. पण नाक? गाल? मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, नुसता त्याचा रंग बघितला होता. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. तेवढ्यात टिकली माझ्या कडेवरून खाली वाकली आणि तिने डांबरच्या नाकाडावर तळहात ठेवला. दिवसभर तिचं तेच काम असतं. त्याच्या तोंडात हात घालायचा, नाक ओढायचं, गाल चिमटायचे. तिने हात ठेवला आणि मान हलवली. नाही. टिकलीला अजून पाच-सहाच शब्द येतात, त्यांतला हा तिचा सगळ्यात आवडता. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे मॅडम, नाही. मग थोड्या थोड्या वेळाने तेच चाललं. टिकली हात ठेवायची, डॉक्टर तिच्याकडे बघायचे, ती म्हणायची नाही. आणि कधीतरी खूप वेळाने, माझ्या डोळ्यांना काहीही फरक दिसत नसताना, तिने दोन्ही हातांनी त्याचं नाक धरलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि खदखदून हसून म्हणाली, भू! डॉक्टर म्हणाले, आले साहेब परत.

मी तिथल्या स्टुलावर बसून रडलो. लपवून काय करू?

डॉक्टरांनी निघताना बजावलं की रात्रभर लक्ष ठेवा, पुन्हा सूज येऊ शकते, आणि पुढच्या वर्षी लस देण्याआधी हे आठवणीने सांगा, म्हणजे आधीपासून काळजी घेता येईल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी कशाला, आता परत लसच नको. तर ते डांबरला म्हणाले, साहेब, यांना सांगा की रोग झाला तर दुलईत घालून आणूनही उपयोग होत नाही. टिकलीचा ताप दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. मांडीवरची लालीही गेली. (परत फिकट प्रवाळवर आली होती. मी एकदाच बघितलं.)

राहिली कन्या. ती संध्याकाळी आली तेव्हा डांबर टेबलाखाली, टिकली डांबरवर, आणि मी खुर्चीत. वाटेत मी ठरवलं होतं की थोडं कमी करून सांगायचं. पण तिने दार उघडलं आणि मी सगळं सांगून टाकलं, पिवळ्या दिव्यापासून ड्रॉपरपर्यंत. नापास झालो असं धरून मनात पाळणाघराच्या भिंतीही रंगवून ठेवल्या, दुसरा हात मी स्वतः मारून देईन असं ठरवलं. ती सगळं ऐकून घेत होती. मग आत जाऊन तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही फोन केलात. घाबरून गप्प बसला नाहीत. मला तेवढं पुरे." ताई, मी पास झालो. एका अटीवर झालो, पण ती अट किरकोळ आहे, तिच्याबद्दल लिहून तुझा वेळ घेत नाही.

तुझ्या डोळ्याला जप. थेंब वेळेवर घाल. समोरच्या बाईंना चिमटे गिळू देऊ नकोस. टिकलीचा तुला पापा, डांबरचं तुझ्या उरलेल्या चपलेला अभिवादन.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मांजरीची लस द्यायची राहिली आहे असं तू लिहिलं होतंस. देऊन टाक. पण नंतर अर्धा तास तिथेच बस, दिवा कुठल्याही रंगाचा असो. आणि घरातली आपली तापाची गोळी तिच्या जवळपासही ठेवू नकोस. मांजरांना ती कुत्र्यांपेक्षाही वाईट, असं डॉक्टर म्हणाले.

आणखी ता. क. तू हे पान आधी वाचत असशील तर लबाड आहेस. पण आता वाचतेच आहेस तर ती अट सांगतो. बालडॉक्टरीणबाईंनी कन्येला सांगितलं आहे की पोरीला दिवसभर सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्याही लशी घेतलेल्या असाव्यात. येत्या शनिवारी मला टोचणार आहेत. मला. तुला आठवतं ना, शाळेत सुईवाले यायचे तेव्हा मी तुझ्या वर्गात येऊन तुझ्या बाकाखाली बसायचो?

शेवटचा ता. क. सुईला मी घाबरत नाही असं लिहून बघितलं, पण ते खोडलं. खरी भीती पुढच्या अर्ध्या तासाची आहे. काल आरशासमोर उभा राहून मी स्वतःचा चेहरा पाठ करायचा प्रयत्न केला, की सुजला तर कळावं. रंग लगेच सांगता आला. बाकी काही सांगता येईना. तुझी भावजय नुसत्या माझ्या कप ठेवण्यावरून ओळखायची की याला बरं नाही. ती नाही. कन्येला मी म्हातारा झाल्यावरच नीट दिसलो, आणि शनिवारी ती टिकलीकडे बघणार, तेच बरोबर आहे. माझा नेहमीचा चेहरा कसा असतो हे सांगू शकेल असं आता एकच माणूस उरलं आहे, आणि त्याचा एक डोळा नुकताच नवा केलेला आहे. शुक्रवारच्या गाडीने ये. शनिवारी माझ्यासमोर अर्धा तास बस. विणकाम आणू नकोस, ताई. नुसती माझ्याकडे बघत बस.